आवाज तोंडानं करून दाखवा

आमच्या वर्कशॉपात दोन गोष्टी साचत जातात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला निदान माणूस तरी येतो, काटा लावतो, घासाघीस करतो. किस्से कोण नेणार? ते पडून राहतात, आणि चहाला कोणी बसलं की मी त्यातला एखादा झटकून पुढं ठेवते. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका. चहा येतोयच.

आमचं वर्कशॉप दिंडोरी रोडला, नाशिक संपत आलं की डाव्या हाताला. खाली पत्र्याची शेड, वर आम्ही राहतो, मधे लोखंडी जिना. काम एकच, बेलर दुरुस्ती. बेलर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं लावायचं मशीन. शेतात पसरलेला पेंढा नाहीतर गव्हाचं काड उचलतं, आत दाबतं, दोरी बांधतं आणि मागनं चौकोनी गठ्ठा टाकतं. भात निघाला की हरसूल, सुरगाण्याकडची मशीनं येतात, होळी झाली की निफाड-सिन्नरची. तक्रार बहुतेक एकच असते. "आवाज येतोय."

आमचे हे, म्हणजे दौलतराव, आवाज ओळखण्यात पटाईत. मशीन रस्त्यावरनं आत वळलं की हातातला कप खाली न ठेवता सांगणार, "चेन सैल आहे." सगळं दुकान त्यांच्या कानांवर उभं राहिलेलं. त्याच कानांनी मधे दगा दिला आणि दुकान बंद पडायची वेळ आली, तेही सांगते. पण आधी दुकानाचे कायदे सांगते, नाहीतर तुम्हाला गंमत कळायची नाही.

पहिला कायदा, गिऱ्हाईकानं आवाज तोंडानं करून दाखवायचा. त्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. "मशीन इथं आलं की लाजतं," हे म्हणतात. "मालकाला मात्र आवाज पाठ असतो." दुसरा कायदा, तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. मोकळं फिरताना वाजतं का लोडवर? कधीपासून वाजतंय? आणि शेवटचा हात कोणी लावला? तिसरा कायदा, नंबर मोडायचा नाही. नंबर मी लावते, त्यामुळं निफाडपासून सुरगाण्यापर्यंत सगळे माझ्याशी गोड बोलतात. घरातले सोडून.

*

एकदा निफाडकडचे एक सरपंच आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं चार माणसं. आल्या आल्या म्हणाले, "घाई आहे, आमचं आधी बघा." मी म्हटलं, "बसा, तुमच्यापुढं दोघं आहेत." बसले बिचारे.

नंबर आला तेव्हा हे म्हणाले, "हां, आवाज करून दाखवा."

सरपंच इकडंतिकडं बघायला लागले. ड्रायव्हरला म्हणाले, "तू कर रे." ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तुमच्यासमोर मी कसं तोंड वेडंवाकडं करू? बरं दिसंल का?" बाकीचे तिघं बूट बघायला लागले.

शेवटी सरपंच यांच्या कानात म्हणाले, "मागं चला, तिथं करतो." दोघं शेडच्या मागं गेले. आता शेड आहे पत्र्याची. मागं कोणी शिंकलं तरी पुढच्या टपरीवर ऐकू जातं. "घीं-टक! घीं-टक! घींऽऽ-टक!" असा खणखणीत आवाज झाला, की पुढं बसलेल्या सगळ्यांचे चहाचे कप तोंडाशीच थांबले. पेंढा उचलणारा एक दाता वाकून पत्र्याला घासत होता. आमचा फिटर रफिक, त्यानं हा हा म्हणता सरळ केला.

पण गोष्ट गावात पोचायची ती पोचली. पुढच्या ग्रामसभेत सरपंच बोलायला उभे राहिले आणि मागच्या रांगेतून कोणीतरी केलं, "घीं-टक."

सरपंच जराही चिडले नाहीत. त्या माणसाला हाताला धरून पुढं आणलं, सगळ्यांसमोर विचारलं, "तुझ्याही मशीनला होतंय का हे?" आणि दुसऱ्या दिवशी खरंच त्याला आमच्याकडं पाठवून दिलं. त्याचा दाता आमच्याकडं अजून सरळ व्हायचा आहे, कारण मशीन कुठंय त्याच्याकडं!

*

हे आवाज फोनवरही चालतात. सुरगाण्याचा एक गावित म्हणून आहे, फार सज्जन माणूस. भाताचा पेंढा उन्हात पडलेला, आणि मशीन बिघडलं. त्यानं जीपमध्ये बसून फोन लावला. त्या बाजूच्या जीपा तुम्हाला माहीत आहेत, आत जेवढे तेवढेच बाहेर लोंबकळलेले.

हे म्हणाले, "करून दाखव."

"मामा, जीपमधी हाय ना मी."

"मग काय झालं? कर."

त्यानं केला. अगदी मन लावून केला. "खडाम, खडाम, खर्रर्र, खडाम." आम्ही फोन स्पीकरवर टाकलेला. तिसऱ्या खडामला पलीकडं करकचून ब्रेक लागला, माणसांचा गलका झाला, कोणाची तरी कोंबडी ओरडली.

"काय झालं रे?" यांनी विचारलं.

"काय नाय मामा," गावित हळू आवाजात म्हणाला. "डायवरनी गाडी उभी केली. सगळी माणसं खाली उतरलीत. तो बोनेट उघडून बघतोय."

"मग सांग ना त्याला, तू केलास म्हणून."

पलीकडनं बोनेट आपटल्याचा आवाज आला. मग गावित म्हणाला, "आता नाय सांगता यायचं. त्याला खरंच एक पाईप फुटका सापडला."

*

सिन्नरकडचं एक जोडपं होतं. दोघंही शेतावर राबणारी, दोघंही मशीन चालवणारी आणि दोघंही हट्टी.

तो म्हणाला, "टक-टक असा आवाज येतो."

ती म्हणाली, "छे, टक-टक कुठला? टुक-टुक येतो."

"मी सकाळपासून मशीनवर असतो, मला ठाऊक नाही?"

"आणि दुपारनंतर कोण असतं? तुम्ही तर झाडाखाली घोरत असता."

टक आणि टुकवरनं गाडी जी घसरली ती थेट त्यांच्या लग्नातल्या मानपानापर्यंत गेली. कोणाच्या मामानं कोणाला टोपी घातली नव्हती, ते सगळं निघालं. मी मधे पडणार होते, पण ऐकायला बरं वाटत होतं.

यांनी मशीन चालू केलं. टकही नाही, टुकही नाही. शिकवणीला बसलेल्या पोरासारखं गुपचूप. मोकळं फिरवलं, पेंढा घालून फिरवलं, कान लावला, सगळं ठणठणीत. मग दोघांनी मिळून यांना धरलं. "तुम्ही काय केलंत? येताना तर वाजत होतं."

रफिकच शेवटी त्या बाईंना म्हणाला, "भाभी, येताना या गाडीत आणखी काय होतं?"

काही नव्हतं. फक्त जेवणाचा डबा होता, आणि तो आल्या आल्या बाईंनी उचलून माझ्या टेबलावर ठेवला होता. रोज तो मशीनच्या पान्यांच्या पेटीत ठेवत. सकाळी डबा भरलेला, म्हणून टक. दुपारी रिकामा, म्हणून टुक.

दोघांचंही बरोबर निघालं, आणि खरं सांगते, त्याचंच दोघांना जास्त वाईट वाटलं.

*

दिंडोरीचे एक तात्या तर वेगळीच केस. त्यांच्या मशीनमधून दर गठ्ठ्याला दोरी बांधताना "कुईंक" असा आवाज यायचा. यांनी तो घालवला. तात्या खूश होऊन गेले आणि दोनच दिवसांत तोंड पाडून परत आले.

"आवाज परत आला?" मी विचारलं.

"नाय ना. तोच परत घालून द्या."

त्यांच्या मशीनवरचा आकडा दाखवणारा काटा कधीच मोडला होता. तात्या पुढं ट्रॅक्टरवर बसून कुईंकवर गठ्ठे मोजायचे. आता आवाज नाही, तर मोजायचं कसं? दर गठ्ठ्याला मान वळवून वळवून मान अवघडली. एक नवा काटा बसवून देतो म्हटलं, तर नको. "काट्याकडं बघावं लागतं. कुईंक आपोआप यायचं."

यांनी आणि रफिकनं एक वॉशर काढून ठेवला, तेल पुसून घेतलं, जरा इकडं सैल, जरा तिकडं घट्ट. "कुंक" आलं, "कुई" आलं, तात्या नाही म्हणत राहिले. शेवटी बरोबर "कुईंक" आलं तेव्हा तात्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हां. हेच आमचं."

चांगलं मशीन बिघडवून दिलं म्हणून पेढे मिळालेलं नाशिकमधलं आमचं एकच दुकान असेल.

*

आता कानांचं सांगते.

कधी सुरू झालं ते धड सांगता येणार नाही. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग हे म्हणायला लागले की लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. मी वरनं "जेवायला या" म्हणून हाक मारायचे, ती जिन्यातच विरायची. मग मलाच खाली यावं लागायचं, सांगून परत वर. चहाचं तेच, फोनचं तेच. दिवसभर माझं आपलं वर-खाली.

आणि दुकानात हे सारखा स्क्रू ड्रायव्हर वापरायला लागले. म्हणजे लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. आतला आवाज मुठीतनं थेट डोक्यात येतो. सगळेच मेकॅनिक करतात, पण कधीमधी. हे तर चालू मोटरसायकललाही स्क्रू ड्रायव्हर लावायला लागले. रफिकच्या आणि माझ्या लक्षात आलं होतं. पण यांना कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा.

मग हरसूलकडचा एक शेतकरी आला. म्हणाला, "बारीक आवाज येतो मामा," आणि त्यानं करून दाखवला. ओठ आवळून, सुईसारखा बारीक, "ईऽऽऽऽ."

हे त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "हां, कर की."

तो करतच होता.

रफिकनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात रफिक म्हणाला, "सेठ, बेअरिंग लगता है." पण यांनी स्क्रू ड्रायव्हर गिअरबॉक्सला लावला, गिअरबॉक्स उघडला, काही नव्हतं, बंद केला आणि त्याला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. शेतात बेअरिंग तापून लाल झालं आणि आतल्या पेंढ्यानं पेट घेतला. बायामाणसांनी हंड्यांनी पाणी ओतून विझवलं. माणसं सुखरूप होती, मशीनही बरंचसं वाचलं. तो शेतकरी उलट मलाच समजावत होता. "मामांचं काय चुकलं, मामी? आवाजच लय बारीक होता."

मशीन यांनी फुकटात नीट करून दिलं. पण तो शेतकरी रागावला असता तर बरं झालं असतं, असं हे म्हणाले. त्या संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर खिळ्याला टांगला. "रफिक, आवाजाची कामं आता घेऊ नकोस. वेल्डिंगची असतील तर बघू. नाहीतर शटर ओढू."

मला भीती वाटली. या माणसाला दुसरं काही येत नाही हो. देव, धर्म, राजकारण, नातेवाईक, कशातच लक्ष नाही. आवाज काढून घेतला तर उरणार काय? कोपऱ्यातल्या स्टुलावर नुसते बसून राहायचे, आणि मशीन आत आलं की उठून मागं जायचे.

*

कानाच्या दवाखान्यात जायला हे अर्थातच तयार नव्हते. "मला मशीन लावणार? मी मशीन लावून मशीन बघू?"

मी वाद घातलाच नाही. सरळ जाऊन नाव नोंदवून आले आणि म्हटलं, "उद्याचा नंबर लागलाय. नंबर मोडायचा नसतो."

स्वतःचाच कायदा. दुसऱ्या दिवशी चप्पल घालून निघाले.

तिथं एका काचेच्या खोलीत बसवलं. तपासणारी मुलगी गोड होती. म्हणाली, "काका, कानात आवाज आला की हे बटण दाबायचं. अगदी बारीक आला तरी."

हे म्हणाले, "आवाज कसा असेल? एकदा तोंडानं करून दाखवा."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "कर बाई, नाहीतर पुढं काही व्हायचं नाही." तिनं लाजत लाजत "पीं" केलं. हे समाधानानं आत गेले.

मी काचेबाहेर बसले. सुरुवातीला यांनी पटापट बटण दाबलं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. "दट्ट्या... बेल्ट घसरतोय..." असं प्रत्येक आवाजाला नाव देत असणार. मग बटण थांबलं. मुलगी इकडनं एकेक खटका फिरवत होती, आणि आत हे अंगठा बटणावर ठेवून, मान तिरकी करून, शहाण्या मुलासारखे वाट बघत बसले होते. बराच वेळ. मला ते बघवेना.

बाहेर आल्यावर त्यांनी तिला विचारलं, "तुमचं मशीन मधेच बंद पडलं होतं का?"

ती म्हणाली, "नाही काका. चालूच होतं."

रिक्षात बसल्यावर हे एकदम म्हणाले, "घेऊन टाकू ते कानाचं."

*

कानाचं मशीन लावून हे दुकानात आले तो दिवस रफिक जन्मात विसरणार नाही.

रफिक मालेगावचा, हात सोन्याचा, पण तोंडातल्या तोंडात बोलायची सवय. हे काही बोलले की "हौ सेठ" म्हणायचं आणि पुढचं मनातलं हळूच पुटपुटायचं. कान गेल्यापासून यांना ते ऐकू येत नव्हतं, त्यामुळं त्यातही चांगली प्रगती झाली होती.

हे सगळीकडं फिरत होते. "पत्रा वाजतोय. पंखा घासतोय. एवढा आवाज करता तुम्ही लोक?" मग रफिकला म्हणाले, "तो पाना असा धरतात का?"

"हौ सेठ," रफिक म्हणाला. आणि मग हळूच, सवयीनं, "बुढ्ढा सठिया गया."

"सठिया गया तर गया," हे मागं न वळता म्हणाले, "पाना नीट धर."

रफिकच्या हातातनं पानाच पडला. त्यानंतर आठवडाभर तो इतका गप्प होता, की त्याच्या बायकोनं मला फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

आणि हरसूलवाला परत आला. यांनीच बोलावून घेतलं होतं, बाकीची बेअरिंगं बघायला. त्यानं ओठ आवळून "ईऽऽ" केलं मात्र, यांनी हात वर केला. "पुरे. मागच्या रोलरचं, डावीकडचं." म्हणाले आणि खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला. मी काउंटरमागं तोंड वळवून पदराला डोळे पुसले, आणि पुढच्याचा नंबर पुकारला.

*

तर हा शेवटचा. चहा संपवा, गार होतोय.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात गर्दी. मी वरनं चहाचं भांडं घेऊन उतरले, ठेवलं आणि परत निघाले. हे खालनं ओरडले, "थांब. जिना वाजतोय. करकर करतोय."

रफिकला पाना घेऊन बोलावलं. दोघांनी जिन्याचे सगळे बोल्ट आवळले. मी चढले, करकर. कठड्याला तेल सोडलं. मी उतरले, करकर. मग हे स्वतः चढून गेले. काही नाही. रफिकला चढवलं, त्यानं मुद्दाम पाय आपटले. काही नाही.

"तू चढ परत," हे मला म्हणाले.

मी चढले. चौथ्या पायरीला हे म्हणाले, "थांब."

जिन्याकडं बघायचं सोडून ते माझ्याकडं बघत होते.

"तुझा गुडघा आहे."

मी कठडा धरला.

"मोकळं चालताना वाजतो का लोडवर?"

"जिना चढताना," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"झाले की बरेच पावसाळे."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "दोनदा."

 तिसरा प्रश्न, शेवटचा हात कोणी लावला, तो काही त्यांनी विचारला नाही. मग जाऊन खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. टोक शर्टाला पुसलं, दोनदा पुसलं. कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं, पायरीवर खाली बसले, टोक हलकेच माझ्या गुडघ्याला टेकवलं आणि मूठ कानामागं लावली.

"आता चढ," म्हणाले. "हळू."

दारात एका ट्रॅक्टरवाल्यानं जोरात हॉर्न दिला. रफिकनं यांचा खांदा हलवून दाराकडं बोट केलं.

यांनी मान वर केली नाही. "त्याला बसायला सांग," म्हणाले. "हिचा नंबर आधीचा आहे."